बालगृहातल्या मुलीला जीव लावावा, की अंतर राखून शिकवावे?

रविवारची ताई (प्रश्न)

नमस्कार. गेली अडीच वर्षे मी दर रविवारी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मुलींच्या बालगृहात गणित आणि विज्ञान शिकवायला जाते. माझे शिक्षण अभियांत्रिकीचे आहे आणि मानसशास्त्राशी माझा कधी संबंध आलेला नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करता येत नाही, म्हणून खाली लिहिताना वय, इयत्ता आणि इतर काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत.

माझ्या वर्गात पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. ती सात वर्षांची असल्यापासून संस्थेत आहे. आधी दुसऱ्या जिल्ह्यात होती, मग इकडे आली. तिचा धाकटा भाऊ मुलांच्या बालगृहात असतो आणि त्यांची भेट वर्षातून दोनदा होते. मुलगी हुशार आहे. सहामाहीत तिला गणितात उत्तम गुण मिळाले, तेव्हा मी सगळ्या मुलींसमोर तिचे मनापासून कौतुक केले. तिने ऐकून घेतले, माझ्या देखत वहीची चार पाने फाडली आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनाच असं म्हणता." त्यानंतर एका रविवारी हार्बर रेल्वेमार्गावर मेगाब्लॉक होता, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद होत्या, आणि मी गेले नाही. फोन करून कळवावे हेही मला सुचले नाही. पुढचे तीन रविवार ती वर्गात येऊन बसली, पण तिने वही उघडली नाही.

तिच्या शेजारी बसणारी मुलगी अगदी उलट आहे. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यालाही ती दहा मिनिटांत मिठी मारते आणि "तुम्ही पुन्हा येणार ना?" असे विचारते. तिसरी एक आहे, तिचे पालुपद असे की मला कुणाची गरज नाही. मध्यंतरी संस्थेत आलेल्या समुपदेशक बाईंनी सगळ्यांकडून दहा विधानांची एक प्रश्नावली भरून घेतली. त्यात आत्मसन्मानाचे सर्वांत जास्त गुण या तिसरीला मिळाले आणि माझ्या हुशार विद्यार्थिनीला जवळजवळ सर्वांत कमी. मला हे पटतही नाही आणि नीट खोडूनही काढता येत नाही.

कर्मचाऱ्यांचे म्हणणे असते, "ताई, जीव लावू नका. तुम्ही जाल, निस्तरावं आम्हाला लागतं." त्यांचे अगदीच चूक आहे असे म्हणवत नाही, कारण यजमानांच्या बदलीमुळे येत्या जूनमध्ये आम्ही नाशिकला जाण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. कौतुकाने या मुलीचा आत्मसन्मान वाढत नसेल, तर कशाने वाढेल? आणि सात-आठ महिन्यांनी जायचेच असेल, तर आतापासून हळूहळू अंतर राखणे हाच दयाळूपणा ठरेल का?

माटुंगा पूर्व

'माटुंगा पूर्व' हे माझे इथले नाव. मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. प्रत्यक्ष मुलीला पाहिल्याशिवाय निदान करणार नाही. आपणही करू नये. पण आपण जे तपशील दिले आहेत त्यांवर बोलता येईल.

आधी शब्दाबद्दल. मूल सांभाळणाऱ्या माणसाशी जी गाठ बांधते तिला मानसशास्त्रात 'अटॅचमेंट' म्हणतात. तिचे भाषांतर कुणी 'आसक्ती' असे करतात, परंतु गीता कानावर पडत वाढलेल्या माणसाला आसक्ती ही सोडून देण्याची गोष्ट वाटते, आणि मग 'जीव लावू नका' हा सल्ला आपोआपच शहाणपणाचा भासू लागतो. म्हणून मी 'अनुबंध' हा शब्द वापरते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली बेघर मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल लिहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत हा विचार विस्ताराने मांडला. सांभाळणारी माणसे जशी वागवतात, त्यावरून मूल मनात एक चित्र तयार करते आणि त्या चित्राचे दोन भाग असतात: मी हाक मारली तर कुणी येईल का, आणि कुणी यावे अशी माझी लायकी आहे का. आत्मसन्मान आणि अनुबंध हे दोन वेगळे विषय वाटतात, पण त्यांची गाठ इथे पडते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये तान्ह्या मुलांच्या आयांचे निरीक्षण केले, तेव्हा मुलाच्या खुणांना आई किती नेमका प्रतिसाद देते याला त्यांनी सर्वांत जास्त महत्त्व दिले.

आता आपल्या तीन मुली. किम बार्थोलोम्यू आणि लिओनार्ड होरोविट्झ यांनी १९९१ साली या चित्राचे दोन्ही भाग वेगवेगळे धरून चार प्रकार मांडले. ज्यांना स्वतःविषयीही आणि इतरांविषयीही भरवसा असतो ते पहिले. इतर चांगले आणि मीच उणा असे ज्यांना वाटते, ते सतत कुणाला तरी बिलगू पाहतात. मी ठीक आहे पण इतर भरवशाचे नाहीत असे मानणारे 'मला कुणाची गरज नाही' या पवित्र्यात जगतात. चौथ्या प्रकारातल्या माणसाचा दोन्ही बाजूंनी अविश्वास असतो. त्याला जवळीक हवीही असते आणि तिची भीतीही वाटते. ही मांडणी तरुण प्रौढांच्या अभ्यासातून आली आहे, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीच्या कपाळावर ती चिकटवू नये. तरीही आपल्या प्रश्नावलीचे कोडे तिच्यामुळे थोडे उलगडते. आपण वर्णन केलेली प्रश्नावली बहुधा मॉरिस रोझेनबर्ग यांची, १९६५ साली प्रसिद्ध झालेली, असावी. तिच्यात दहा विधाने असतात, त्यांतली पाच उलट्या अर्थाची. ती माणसाने स्वतःविषयी केलेले विधान मोजते. ज्या मुलीने कुणावरही विसंबायचे नाही असे ठरवले आहे, ती स्वतःला उणे म्हणवून घेईलच कशाला? तिचे जास्त गुण हे तिच्या तटबंदीचे गुणही असू शकतात. उलट, कमी गुण मिळालेल्या मुलीने निदान कुणाला तरी खरे सांगितले, असेही म्हणता येईल.

कौतुकाविषयी. ज्या मुलीच्या मनात 'मी उणी आहे' हे चित्र पक्के आहे, तिला गुणांवरून सर्वांसमोर चांगले म्हटले की तिच्यापुढे दोनच अर्थ उरतात. एक तर या बाईंना मी कळलेलीच नाही, किंवा गुण कमी पडले की हे कौतुकही जाणार. दोन्हींत दिलासा नाही. त्याऐवजी "ऑगस्टमध्ये तुला समीकरणाची बाजू बदलताना चिन्ह बदलायचं राहून जायचं, आज एकदाही राहिलं नाही," हे तिच्या वहीकडे पाहून हळू आवाजात म्हणून पाहा. यात शाबासकी फारशी नाही, पण ऑगस्टपासून कुणीतरी आपल्याला लक्षात ठेवून आहे हे तिला कळते. तो मेगाब्लॉकचा रविवार आपल्या सगळ्या कौतुकापेक्षा जड गेला, त्याचेही कारण हेच आहे. त्या दिवशी तिने मनातल्या मनात हाक मारली होती आणि ओ आली नाही.

अनेकजण रुमानियातल्या अनाथालयांचा दाखला देऊन म्हणतात की दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळाले नाही तर सगळे संपले. बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर जो अभ्यास झाला, त्यात काही मुलांना संगोपन कुटुंबांत ठेवले आणि काही संस्थांत राहिली. लवकर कुटुंब मिळालेल्या मुलांचे अनुबंध अधिक चांगले जुळले, हे खरे आहे. पण त्यावरून किशोरवयातल्या मुलांसाठी दार बंद झाले असे सिद्ध होत नाही. डेव्हिड क्विंटन आणि मायकेल रटर यांनी लंडनमधल्या संस्थांत वाढलेल्या मुलींचा मोठेपणीपर्यंत मागोवा घेतला, तेव्हा शाळेत चांगले अनुभव मिळालेल्या मुली पुढे जोडीदार आणि काम निवडताना अधिक विचार करून पाऊल टाकताना दिसल्या. रविवारचा गणिताचा तास अगदीच किरकोळ समजू नका.

निवृत्त अधीक्षिका

सत्तावीस वर्षे मी शासकीय आणि स्वयंसेवी अशा दोन्ही प्रकारच्या संस्थांत काढली आहेत. 'जीव लावू नका' हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा उच्चारले आहे, त्यामुळे त्यामागचे कारण सांगणे माझे काम आहे.

जूनमध्ये महाविद्यालयांतली मुले येतात आणि प्रमाणपत्रापुरते तास भरले की फेब्रुवारीत दिसेनाशी होतात. शनिवारी-रविवारी कुणी आपल्या मुलाचा वाढदिवस साजरा करायला केक घेऊन येते, आमच्या मुली रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवतात, एका सुरात आभार मानतात, फोटो निघतो आणि पाहुणे जातात. एका वर्षात अशी किती माणसे एका मुलीच्या आयुष्यातून जातात याची मोजदाद कुणी ठेवत नाही. आपल्या त्या मिठी मारणाऱ्या मुलीला पाहुणे 'किती प्रेमळ आहे' म्हणतात. मला ती प्रेमळ कमी आणि तरबेज जास्त वाटते, कारण थोड्या वेळात जास्तीत जास्त कसे मिळवायचे हे ती शिकली आहे. पाहुणे गेल्यावर रात्रपाळीला एक मावशी असते. जेवायला नकार, भांडणे, कधी हातावर ब्लेडचे ओरखडे, हे सगळे ती एकटी पाहते आणि सकाळी आठला तिचीही पाळी संपते. त्या मावशीने 'जीव लावू नका' म्हटले तर मी तिला दोष देणार नाही.

पण निवृत्तीनंतर मला हेही मान्य करावे लागते की तो नियम मुलींपेक्षा आमच्या सोयीचा अधिक होता. कुणी जवळचे नाही म्हणजे कुणी गेल्याचे दुःख नाही, असा तो सरळ हिशेब होता. त्यातून शांत वसतिगृह मिळते. आम्ही त्या शांततेला शिस्त म्हणत असू.

ताईंना तीन गोष्टी सुचवते. पहिली म्हणजे, ही मुलगी अनाथ आहे असे गृहीत धरू नका. माझ्या अनुभवात आमच्याकडच्या बहुतेक मुलींना आई किंवा वडील, निदान एक पालक होता. गरिबी, दारू, दुसरे लग्न, आजारपण अशा कारणांनी मुलगी आमच्यापर्यंत आलेली असे. अशा मुलीच्या मनात आईचा राग आणि आईची बाजू एकाच वेळी असतात. तुम्ही फार जवळ आलात तर आपण आईशी बेइमानी करतो आहोत असे तिला वाटू शकते आणि मग ती तुमच्याशी वाकडे वागते. त्या फाडलेल्या पानांत हेही असू शकेल.

दुसरी गोष्ट भावाची. वर्षातून दोन भेटी फार कमी आहेत. प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना तयार करणे कायद्याने बंधनकारक आहे. तीत भावंडांच्या नियमित भेटींची नोंद व्हावी म्हणून अधीक्षकांमार्फत बालकल्याण समितीकडे विनंती करता येते. स्वयंसेवकाने ते सुचवले तर कुणी रागावणार नाही. रागावले तरी सुचवावे.

तिसरी गोष्ट तारखेची. मुलगी पंधराची आहे, म्हणजे तीन वर्षांनी तिला बालगृह सोडावे लागणार आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे अठरानंतर अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे आणि एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहात राहता येते. पण तिला हे कुणी सांगितले आहे का? दहावीच्या वर्षात या मुली एकाएकी बिघडतात अशी तक्रार मी फार ऐकली आहे. पुढच्या जूनमध्ये आपण कुठे असू हे ज्यांना माहीत नसते, त्यांनी मार्चच्या परीक्षेसाठी नेमक्या कोणत्या उमेदीने बसावे?

एक जून

वाचत होतो, लिहायचे नव्हते, पण अधीक्षिका मॅडमनी तारखेचा विषय काढला. मी पाचव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तीन संस्थांत राहिलो. आता ठाण्याला राहतो आणि नोकरी करतो.

माझे इथले नाव माझ्या जन्मतारखेवरून घेतले आहे. ज्यांची खरी तारीख कुणालाच ठाऊक नसते, त्यांच्या दाखल्यावर शाळेत घालताना एक जून लागते. गावाकडच्या माझ्या अर्ध्या सहकाऱ्यांचीही तीच आहे. त्यांच्याकडे तो गमतीचा विषय असतो. आमच्या खोलीत अकरा मुलांचा वाढदिवस एक जूनला असे आणि सगळ्यांत मिळून एक केक येई. आत्मसन्मान म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळले नाही, पण अकरातला आपला तुकडा कोणता हे न कळणे म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

प्रश्नावलीबद्दल मानसशास्त्रज्ञ मॅडमचे म्हणणे बरोबर आहे, त्यात एक साधी गोष्ट घालतो. आम्हाला माहीत असायचे की हे कागद ऑफिसात जाणार. 'मला स्वतःचा अभिमान वाटतो' अशा अर्थाच्या ओळीसमोर 'नाही' लिहिले की खेळाच्या वेळात समुपदेशनाला बोलावणे येते, म्हणून आम्ही सगळे अभिमानी होतो.

आता मुख्य प्रश्नाचे. माझ्या आयुष्यातून संस्थेतल्या दोन माणसांचे जाणे मला अजून आठवते. एक शिकवायला येणारे सर होते, फार जीव लावणारे. त्यांच्यासोबत आम्ही क्रिकेट खेळलो, त्यांच्या घरच्या लोकांची नावे आम्हाला पाठ होती. एका शनिवारी ते 'लवकरच येतो' म्हणाले आणि आले नाहीत. मी दिवाळीपर्यंत दर शनिवारी फाटकाजवळच्या पायरीवर बसत होतो आणि कुणी विचारले तर बूट पुसतो आहे असे सांगत होतो. दुसरे आमचे स्वयंपाकी मामा होते. त्यांनी माझ्यावर प्रेम वगैरे केल्याचे मला आठवत नाही. मला वांगे आवडत नाही एवढे त्यांच्या लक्षात होते, आणि वांग्याच्या दिवशी ताटात वाढताना ते न बोलता मला फक्त रस्सा द्यायचे. निवृत्तीच्या दोन महिने आधी त्यांनी आम्हाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख दाखवली. शेवटच्या दिवशी नव्या स्वयंपाक्याला माझ्यासमोर उभे करून म्हणाले, "हा वांगं खात नाही." ते गेले याचे मला वाईट वाटले. पण त्या वाईट वाटण्यात मी स्वतः वाईट आहे असे मला वाटले नाही. सरांच्या वेळी तसे वाटले होते, आणि ते बरीच वर्षे राहिले.

म्हणून 'अंतर राखणे हा दयाळूपणा आहे का' या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. मुलांना माणसे गेलेली कळतात. आम्ही त्यातले पदवीधर असतो. न सांगता गेलेल्या माणसाचे कारण मात्र मूल स्वतःमध्येच शोधते. आतापासून हळूहळू अंतर राखले, तर जूनमध्ये एकदाच जाण्याऐवजी ताई रोज थोड्या थोड्या न सांगता जात राहतील.

आणखी एक. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर पडताना तेव्हाच्या अधीक्षक सरांनी माझी फाइल उघडून मला पहिले पान वाचू दिले. मी सापडलो तेव्हा पायात एकच चप्पल होती, नाव विचारल्यावर सांगत होतो, आडनाव विचारल्यावर पुन्हा नावच सांगत होतो, असे कुणीतरी निळ्या शाईने लिहिले होते. मी ते पान चार वेळा वाचले. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, त्यासाठीचे अनाथ प्रमाणपत्र मिळवायला मी पुष्कळ खेटे घातले आणि त्या कागदाचा मला उपयोगही झाला. पण मी कोण हे मला त्या प्रमाणपत्रापेक्षा चपलेच्या ओळीतून जास्त कळले. तुमच्या विद्यार्थिनीला दोन संस्थांच्या मध्ये काय काय हरवले आहे ते विचारून पाहा. जुने फोटो, जुन्या शाळेची वही, काहीही असेल.

माटुंगा पूर्व

आपल्या स्वयंपाकी मामांविषयी वाचून मी माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. मी जे एन्सवर्थ यांच्या आधाराने सांगत होते, ते आपण वांग्याच्या रश्श्यात सांगितले आहे.

भावंडांच्या मुद्द्याला मी दुजोरा देते. ॲना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी १९५१ साली सहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले तान्ही असतानाच आईवडिलांपासून तुटली, तेरेझिनच्या नाझी छळछावणीत एकत्र राहिली आणि १९४५ मध्ये इंग्लंडला आली, तेव्हा ती सुमारे तीन वर्षांची होती. मोठ्यांवर ती चिडत, ओरबाडत, चावत. पण एकमेकांना सोडून राहायला तयार नसत, आणि खाऊ वाटताना आधी दुसऱ्याला मिळाले का हे पाहत. त्यांचा अनुबंध एकमेकांशी जडला होता. संस्थांत आपण सारी शक्ती आईसारखे माणूस शोधण्यात घालवतो आणि मुलांनी आपसांत जे जोडलेले असते ते बदलीच्या एका आदेशाने तोडतो.

अधीक्षिका मॅडमच्या पालकांविषयीच्या मुद्द्यात एक भर घालते. जिल हॉजेस आणि बार्बरा टिझार्ड यांनी लंडनच्या निवासी शिशुगृहांतल्या मुलांचा सोळाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. दत्तक गेलेल्या मुलांचे नव्या आईवडिलांशी बहुतेक वेळा घट्ट नाते जुळले होते, परंतु स्वतःच्या जन्मदात्या घरी परत गेलेल्या मुलांचे तेवढे जुळले नव्हते. समवयस्कांशी जमवून घेणे मात्र दोन्ही गटांना जड जात होते. आपल्या कायद्याचा कल मूल शक्यतो स्वतःच्या कुटुंबात परत जावे असा आहे आणि मला तो योग्यच वाटतो. तरी रक्ताचे नाते आहे म्हणून अनुबंध घरी वाट पाहत बसलेला असतो, असे नाही. तो तिथेही नव्याने जुळवावा लागतो आणि त्यासाठी त्या घराला मदत लागते.

भांडुपचा काका

आमचा अनुभव संस्थेचा नसून घरातला आहे, पण विषय तोच वाटला. थोरले बंधू आणि वहिनी करोनात गेले; पुतण्या तेव्हापासून आमच्याकडे आहे, आता तेरा वर्षांचा आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण त्यानिमित्ताने गृहभेटीला कुणीतरी येते आणि त्याची चौकशी करते.

पहिली दोन वर्षे तो इतका गुणी होता की नातेवाईक आमचे अभिनंदन करत. फ्रिज उघडताना विचारायचा, पंखा लावताना विचारायचा. गेल्या मे महिन्यात मी मोबाइल काढून घेतला तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला की तुम्ही माझे बाबा नाही आहात, आणि दार आपटून गच्चीवर गेला. आमची मंडळी रडली. मी गच्चीवर गेलो, काही सुचले नाही म्हणून म्हणालो की नाहीच आहे, पण जेवायला खाली ये. त्यानंतर तो फ्रिज न विचारता उघडतो. हे चांगले चिन्ह आहे की वाईट, हे कुणी जाणकारांनी सांगावे.

माटुंगा पूर्व

काका, पाहुणा कधी दार आपटत नाही. चांगलेच चिन्ह आहे. तरी झोप, जेवण आणि शाळा यांवर लक्ष असू द्या, आणि आईवडिलांची नावे घरात सहज निघत राहतील असे बघा.

रविवारची ताई

सर्वांचे आभार. परवाच्या रविवारी मी अधीक्षकांची परवानगी घेऊन तिला व्हरांड्यात बाजूला बसवले आणि दोन गोष्टी सांगितल्या: मेगाब्लॉकच्या दिवशी न कळवणे ही माझी चूक होती, आणि जूनमध्ये आम्ही बहुधा नाशिकला जाणार आहोत. तिने विचारले, "जूनच्या कितव्या तारखेला?" मी म्हणाले, तारीख ठरलेली नाही, ठरेल त्याच रविवारी सांगेन. ती उठून निघून गेली. त्या दिवशी तिने वही उघडली नाही, पण तास संपल्यावर परत येऊन विचारले की भावाला भेटायचा अर्ज मराठीत लिहायचा की इंग्रजीत. मराठीत लिहिला, तिने तीनदा खाडाखोड केली आणि अधीक्षकांनी तो ठेवून घेतला आहे. नाशिकला गेल्यावर फोन करावा की पत्र लिहावे, याबद्दल कुणी सांगू शकेल का?

निवृत्त अधीक्षिका

जे काही असेल ते संस्थेच्या परवानगीने आणि कार्यालयामार्फत व्हावे. मुलीच्या हातात गुपचूप मोबाइल नंबर देऊ नका, उद्या तीच अडचणीत येईल. फोन संस्थेच्या वेळेत येतोच असे नाही, म्हणून मी पत्राला पसंती देईन. पत्र उशीत ठेवता येते. आणि तुमच्या जागी शिकवायला कुणी येणार असेल, तर एप्रिलपासूनच दोघींनी मिळून वर्ग घ्या.

एक जून

नव्या ताईंना तिच्यासमोर सांगा की हिचे चिन्ह बदलायचे राहत नाही. पत्राचे म्हणाल तर दर आठवड्याला लिहीन असे कबूल करू नका, महिन्याला एक म्हणा आणि तेवढे पाळा. जूनपर्यंतच्या रविवारांसाठी शनिवारी संध्याकाळीच हार्बरच्या मेगाब्लॉकच्या वेळा बघून ठेवा. गाडी मिळणार नसेल तर सकाळी नऊच्या आत ऑफिसात फोन करा आणि निरोप तिच्या नावाने द्या, 'मुलींना सांगा' असा नको. दहा वाजेपर्यंत ती कुणालाही न सांगता खिडकीजवळ जाऊन बसलेली असते.